सुटणे, अकर्मक

अकरा वाजून दहा मिनिटांनी आत्याचा मेसेज आला. दोनच शब्द. अण्णा सुटले.

अण्णा म्हणजे माझे वडील. एकोणीस दिवस हॉस्पिटलात, पोटाचं ऑपरेशन, उशाशी आत्या. आत्याने तीस वर्षं तारऑफिसात काढली. तारेत शब्द मोजून घालायचे असत. ऑफिस बंद पडलं, सवय राहिली. माझं लग्न मोडलं तेव्हाही तिने दोनच शब्द पाठवले होते, बरं झालं.

मी फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला. आता बंद.

सुटले.

माझं काम ऑनलाइन शब्दकोशाचं. सहा टेबलांची खोली, एक कुरकुरता पंखा. लोक ज्या शब्दापाशी अडतात त्याचे अर्थ आम्ही पडद्यावर ओळीने लावतो. या महिन्यात माझ्याकडे 'स' आहे. म्हणजे हा शब्द मीच लिहिलाय, मागच्या मंगळवारी. तरी शोधाच्या चौकटीत टाइप केला. स्वतःच शिवलेल्या खिशात हात घालून बघावं, कुणी काही ठेवलंय का, तसं.

१. गाठ, शिवण उसवणे, मोकळी होणे. 'टाका सुटला.' उदाहरण घरचंच. अण्णा शिंपी आहेत.

२. गाडी निघणे.

३. शाळा, कचेरी, कैद यांतून मोकळे होणे.

हॉस्पिटल? हॉस्पिटल मी घातलंच नव्हतं. घालायला काय झालं होतं मला? एक शब्द. एक स्वल्पविराम.

फोन. बंद.

६. पोट पुढे येणे. इथे उदाहरण द्यायची गरज नव्हती, ते रोज आमच्या टेबलांमधून फिरतं. आमचे संपादक. प्रत्येक वाद 'पूर्णविराम' म्हणून संपवतात, म्हणून नावही तेच पडलं.

१०. वारा वाहू लागणे.

अकरावा नाही.

अकरावा होता. 'यातनांतून मोकळे होणे, मरणे.' मीच काढला. संपादक म्हणाले, उदाहरण कुठाय, उदाहरणाशिवाय अर्थ छापत नाही आपण, पूर्णविराम. मला एक वाक्य सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. लिहायला हात धजला नाही, कारण तेव्हा अण्णांना दाखल करून दहा दिवस झाले होते.

दुसऱ्या कोशात पाहिलं. तिथे मरणे सातवं. तिसऱ्यात नाहीच, पण स्पीकरचं चित्र होतं. दाबलं. एक बाई थंडपणे म्हणाली, सु-ट-णे. मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, कोण सुटलं?

फोन. बंद. फोन. बंद.

रविवारी बोलणं झालं होतं. अण्णांनी विचारलं, कधी येतेस? मी म्हटलं, हा 'स' संपला की लगेच. ते थोडं हसले. हसताना टाके ओढतात म्हणून बेताने.

"'स' नंतर 'ह' येतो, बाळा."

साडेअकरा. संपादक त्यांच्या पडद्याकडे बघत म्हणाले की आज गंमतच आहे, 'सुटणे' एकाएकी वर आलाय, वीस मिनिटांत चौदा शोध, कुठे परीक्षा आहे की काय. मी म्हटलं, सर, ते चौदाच्या चौदा माझे. त्यांनी चष्मा काढला. या वेळी 'पूर्णविराम' म्हणाले नाहीत.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना फोन वाजला.

"अगं, बॅटरी गेली होती. तोवर गाडी आणली, सामान भरलं. घरी पोचलो आत्ता."

"कोण पोचलं?"

"कोण म्हणजे? आम्ही. सुटले म्हणून कळवलं ना तुला."

मी खुर्चीत बसले. आधीही बसलेलीच होते बहुतेक. मग मी नको तो प्रश्न विचारला, की शनिवारपर्यंत ठेवणार होते ना, मग आजच कसे सोडले. मागे आमच्या दुकानाचं फाटक करकरलं.

"डॉक्टर म्हणाले, आता घरीच बरं."

"बरं म्हणजे?"

लांबून अण्णांचा आवाज आला, कागदासारखा: तिला विचार, 'स' संपला का.

मी कोश उघडला. अर्थ तीनमध्ये 'हॉस्पिटल' घातलं. खाली अकरावा पुन्हा लिहिला. उदाहरणाची जागा रिकामी ठेवली आणि पर्स उचलली. संपादक दारात उभे होते. 'स' आज द्यायचा होता. मी म्हटलं, नाही संपला, सर. ते पोट आत घेऊन बाजूला झाले.

स्टँडवर एकची गाडी मिळाली. ड्रायव्हरने दार ओढलं तशी मी आत्याला टाइप केलं, सुटले. पाठवणार, तेवढ्यात वाचलं. खोडलं. मग सगळं लिहिलं: निघाले. एकच्या बसने. खिडकीजवळ बसलेय. सहाच्या आत दारात असेन. अण्णांना सांग 'स' तसाच ठेवून आलेय, आणि जागं राहायला सांग, मी आल्याशिवाय झोपायचं नाही.

आत्याच्या हिशेबाने ही उधळपट्टीच.

गाडी पूल चढत असताना तिचं उत्तर आलं. बरं.