एका वाडग्याची ये-जा

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना वाडगा आहे. वय विचारू नका. मला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी चार वर्षं कमीच सांगितली असती. माझ्या अंगावर निळी वेलबुट्टी आहे आणि काठाचा एक टवका उडालेला आहे. वेलबुट्टी दूरदेशीच्या कारागिराची, टवका मुरबे गावातल्या ओट्यावरचा.

गवतात गुंडाळून मला जहाजातून आणलं. या हातातून त्या हातात जात मी मुरब्याच्या एका मच्छीमार घरात स्थिरावलो. त्या घरची सून चंद्रकांताबाई वाणगावला मासे विकायला जायची. एकदा तिनं माझ्यात सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, भरले आणि तिथल्या मंदाताईंच्या वाडीवर दिले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची रीत. मंदाताईंनी मला धुऊन, चिकू भरून परत दिलं. आता चंद्रकांताबाई तरी गप्प बसेल? पुढच्या खेपेला बोंबील आले. मग मिरच्या गेल्या, मग जवळा आला. अशी वर्षानुवर्षं माझी ये-जा चालली. दोन्ही घरांत मी घरचाच होतो आणि मला त्याचा फार तोरा होता.

मग पालघरात जुन्या चिनी भांड्यांचं एक छोटं संग्रहालय निघालं. मी तेव्हा मंदाताईंच्या घरी होतो आणि त्या लेकीकडे मनोरला गेल्या होत्या. त्यांच्या मुलानं, शैलेशनं, मला हौसेनं त्या संग्रहालयाला देऊन टाकलं. त्याला तरी काय बोल लावायचा? लहानपणापासून तो मला आपल्याच मांडणीवर बघत आला होता.

इथे माझी बडदास्त उत्तम आहे. संग्रहालय सांभाळणारी दीपिकाताई मऊ फडक्यानं मला पुसते. शाळेतली मुलं काचेला नाक लावून “केवढा सुंदर!” म्हणतात. कौतुक कोणाला नको असतं? पण पोट रिकामं असलं की कौतुकही अंगी लागत नाही.

मंदाताई परत आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्याची वस्तू परस्पर दान! शैलेशची खरडपट्टी निघाली. संग्रहालयानं सांगितलं, मालकीण म्हणाली तर वाडगा लगेच परत देऊ. पण मालकीण, म्हणजे चंद्रकांताबाई, आता मंदाताईंच्या दारावरून सरळ पुढे जायची, थांबायचीच नाही. एका वाडग्यापायी जिवाभावाची मैत्रीण तुटणार, या धास्तीनं मंदाताईंना घास गोड लागेना. शेवटी त्या स्वतः मुरब्याला गेल्या आणि तिला घेऊन इथे आल्या.

चंद्रकांताबाई काचेपाशी आली आणि माझा टवका न्याहाळू लागली. मला वाटलं, आता मी घरी चाललो.

मंदाताई म्हणाल्या, “तुजा वाडगा हाय, आत्ता घेऊन जा. पन माज्यावर राग धरू नको गो.”

“राग कसला?” चंद्रकांताबाई म्हणाली. “वाडगा न्यायचा म्हनून मी तुज्या दारात थांबायची. तो नाय, तर थांबू कशाच्या निमित्तानं?”

मला न्यायचं झालं तर रिकामा नको, म्हणून मंदाताईंनी घरून एका स्टीलच्या डब्यात चिकू आणले होते. तो डबाच त्यांनी मैत्रिणीच्या हातात ठेवला.

“हा ने. पन डबा आनून दे.”

चंद्रकांताबाई हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. जाताना तिनं दीपिकाताईला सांगितलं, वाडगा राहू दे इथेच, पोरं बघतात.

खोटं कशाला बोलू, मला त्या डब्याचा हेवा वाटला. स्टीलचा तो, त्यात झाकणाला पोचे. पण त्या दोघी हसत बाहेर पडल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, हे तुम्हाला दीपिकाताई सांगेलच. मी एवढंच म्हणेन, तुमच्या घरी कुणाचा डबा राहिला असेल तर तो आजच भरा. कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन जा.