हिशेब कापसासकट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा मुक्काम गाद्यांच्या दुकानात आहे. संगणकाचे गाद्यांशी काय काम, असे तुमच्या मनात आले असेल. मलाही सुरुवातीला बरेच दिवस तोच प्रश्न पडला होता.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसे साप दिसल्यासारखी दचकत. टोप्या, मोजे, तोंडावर पट्ट्या अशा थाटात ती माझ्याभोवती वावरत. जग असेच पांढरेशुभ्र आणि गारेगार असते, अशी माझी भाबडी समजूत झाली. पुढे मी एका विमा कचेरीत रुजू झालो. तिथे आधी माझे कौतुक झाले, मग सवय झाली आणि मग कुरकुर सुरू झाली. "किती हळू चालतो हा!" असे वाक्य ज्या दिवशी साहेबांच्या तोंडून निघाले, त्याच दिवशी मी ओळखले की आपले इथले दाणापाणी संपले. भंगाराच्या ढिगातून मला ताईंनी उचलले.

ताई म्हणजे गादीवाल्या ताई. मागच्या खोलीत त्यांचे कापूस पिंजायचे यंत्र दिवसभर घरघरते. पुढच्या खोलीत त्यांच्या आत्याबाई मांडी घालून बसतात आणि हातभर सुईने गाद्यांना टाके घालतात. टाके घालताना त्या जगालाही चार टाके घालतात. मला अभ्र्यांच्या कपाटावर बसवले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आणला आणखी एक बसून खाणारा!"

पण मी बसून खात नव्हतो. ताईंचे दादा जहाजावर नोकरीला. ते घरी पैसे पाठवीत ते एका वेगळ्याच नाण्यात. या नाण्याला ना टांकसाळ, ना बँक, ना मॅनेजर. त्याचा सगळा व्यवहार एका वहीत असतो आणि त्या वहीची प्रत माझ्यासारख्या हजारो संगणकांजवळ असते. थोड्या थोड्या वेळाने वहीला नवे पान जोडले जाते. ते पान प्रत्येक संगणक स्वतः तपासतो. एक आकडा जरी लबाड निघाला, तरी पान सरळ परत! दादांनी ताईंना बजावले होते, "दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबायचं असेल, तर बँकेनं काय घोडं मारलं होतं? यंत्र आपलं, तपासणी आपली." म्हणून मी आलो. मी जातीचा हिशोबी. मला हे काम मनापासून आवडले.

त्याहून जास्त आवडली ती या नाण्याच्या मंडळींची सभा. दर आठवड्याला ती माझ्यातूनच भरे. चेहरे दिसत नसत, नुसते आवाज येत आणि नावेही टोपणच असत. आत्याबाई एकदा कान देऊन ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "ही कसली सभा? ना अध्यक्ष, ना खुर्च्या, ना चहा! नुसतं भांडण!"

"आत्या, भांडणच आहे," ताई हसून म्हणाल्या, "पण रीतसर आहे."

ती रीत मी पुढे नीट जमाखर्च मांडून पाहिली आणि थक्क झालो. वहीचा नियम बदलायचा असला, तर कोणीही सूचना लिहून चव्हाट्यावर टांगावी. मग सगळ्यांनी तिची हाडे मोजावीत. मतदान होत नसे, कारण एकच माणूस दहा नावांनी येऊन दहा हात वर करायचा. म्हणून सभा चालवणारे मास्तर एवढेच विचारीत, "कोणाचा आक्षेप उत्तराविना राहिलाय का?" एक जरी राहिला, तरी सूचना खुंटीला. आणि सगळ्यांचे समाधान झाले, तरी हुकूम सोडणारा कोणी नाहीच. प्रत्येक मालकाने नवा नियम आपल्या यंत्रात आपल्या हाताने घालायचा. निम्म्यांनी घातला आणि निम्म्यांनी नाही, तर वही दुभंगते. एका नाण्याची दोन नाणी होतात आणि दोन्हींची पत जाते. म्हणून तर ही माणसे तावातावाने भांडत आणि तुटेल इतके मात्र ताणत नसत.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. नुसते "पण" म्हणून मोकळे होता येत नसे. ज्याच्या तोंडी "पण", त्याच्याच गळ्यात चाचणी. या एका रिवाजाने कितीतरी वाचाळांची तोंडे बंद झालेली मी पाहिली आहेत.

एकदा सुसाट नावाच्या गृहस्थांनी सूचना मांडली. सुसाट म्हणजे बुद्धी तल्लख, हात जलद आणि सबुरीच्या खात्यात शिल्लक शून्य. त्यांचे म्हणणे असे, की वहीचे पान चौपट मोठे करावे. व्यवहार जास्त मावतील, पैसे पाठवण्याचा खर्च उतरेल. महिनोन्‌महिने खपून त्यांनी सगळे लिहून काढले होते. मंडळी खूश झाली. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि ताईंनी घसा साफ केला.

"माझं यंत्र आत्ताच धापा टाकतं. चौपट पान आलं तर ते वाटेतच बसेल."

"ताई, तुमचं यंत्र ही पुराणवस्तू आहे," सुसाट म्हणाले. "संग्रहालयात द्या. लोक तिकीट काढून बघतील!"

"देते की. तिकिटाचे निम्मे पैसे तुम्हाला. पण मग माझं पान कोण तपासणार?"

हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, "त्यात काय एवढं? वर्गणी काढू, ताईंना नवं यंत्र घेऊन देऊ."

नवे यंत्र कोणाला नको असते? मला तर पुन्हा भंगाराचा ढीग दिसू लागला. पण ताई म्हणाल्या, "मला द्याल. माझ्यासारखे जे सभेत तोंडच उघडत नाहीत, त्यांना कोण देणार? लहान यंत्रं एकेक गळाली की उरतील मोठ्या पेढ्या. मग बँकेत आणि आपल्यात फरक राहील तो दारावरच्या पाटीचा."

आता कोणी हसले नाही. मास्तर म्हणाले, "आक्षेप वजनदार आहे. पण रिवाज ठाऊक आहे ना, ताई?"

"ठाऊक आहे. चाचणी माझ्या गळ्यात."

चाचणीसाठी मंडळींची एक खोटी वही असते. नाणी खोटी, पाने मात्र खऱ्यासारखी. त्या वहीची चौपट पाने ताईंनी माझ्या पुढ्यात टाकली. मित्रांनो, मी जिवाचे रान केले. पंखा कोकलू लागला, अंग तापले, डोके चालेना. एक पान तपासून होते न होते, तोवर मागे रांग लागायची. ताईंनी प्रामाणिकपणे लिहून टाकले: "यंत्र मागे पडले." सुसाटांनी ते वाचले. एरवी प्रत्येक गोष्टीवर चार वाक्ये ठेवून देणारा माणूस, त्या दिवशी एवढेच म्हणाला, "बरं." पुढच्या सभेत सूचना बासनात जाणार, हे ठरल्यासारखेच होते. ताई जिंकल्या होत्या.

सभेच्या आदल्या दुपारी मी तापून बंदच पडलो. ताईंनी कपाळाला हात लावला. आत्याबाईंनी सुई गादीत खोचली, मला उलटा केला आणि पाठीमागच्या जाळीत बोट घातले.

"अगं, याच्या नाकात बोळा गेलाय!"

त्यांनी ओढला, तर कापूस निघतच राहिला. दुकानात उडालेला सगळा कापूस वर्षानुवर्षे मी श्वासाबरोबर आत घेत होतो आणि माझ्या पंख्याने त्याची गादी करून ठेवली होती. "यात तान्ह्याची उशी भरेल," असे म्हणून आत्याबाईंनी तो बोळा खरोखरच एका उशीत भरला आणि शिवून टाकला.

ताईंनी मला सुरू केले. मी असा हलका झालो होतो, की काय सांगू! त्यांनी सहज खोटी वही पुन्हा लावून पाहिली. चौपट पाने आली आणि मी ती एकेक करून तपासून मोकळा झालो. रांग नाही, धाप नाही. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. पण ताईंचा चेहरा उतरला. त्यांचा सगळा आक्षेप माझ्या नाकातल्या कापसावर उभा होता.

"गप्प बस," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "जिंकलीस ना? घरातला कापूस चव्हाट्यावर कशाला पिंजायचा?"

ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आत्या, खोटं पान आलं की हा परत पाठवतो. माझंच पान खोटं निघालं, तर याच्यासमोर बसू कशी?"

सभेत त्यांनी सगळे सांगून टाकले, उशीसकट. असा हशा उसळला, की माझे जुने भोंगे थरथरले. ताईंचे कान लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. आक्षेप मागे घेते."

मास्तरांनी विचारले, "मग आता कोणाचा आक्षेप राहिलाय का?"

सुसाटांची सूचना पार पडलीच म्हणायची. एवढ्यात एक आवाज आला, "माझा आहे."

आवाज सुसाटांचा होता.

"अहो, सूचना तुमचीच आहे!" मास्तर गडबडले.

"म्हणूनच. मी सगळ्या चाचण्या माझ्या खोलीत केल्या. हवा गार, यंत्र पुसलेलं. पण ताईंचं यंत्र कापसात आहे. आणखी कोणाचं पिठाच्या गिरणीत असेल, कोणाचं सुताराच्या भुशात. सगळे जण रोज यंत्र पुसतील, या भरवशावर नियम केला तर तो फक्त पुसणाऱ्यांचा नियम. ताईंचा आक्षेप चुकीचा नव्हता, त्यामागचं कारण तेवढं चुकीचं होतं. पान दुपटीवर आणतो. कापसासकट चाललं, तरच पुढं जाऊ. ताई, तो बोळा परत कोंबाल का?"

"आत्याला उशी उसवावी लागेल."

"उसवा. आणि थोडा कापूस मलाही पाठवा."

"तुम्हाला कशाला?"

मास्तर हसत म्हणाले, "रिवाज आहे, ताई. 'पण' आता यांच्या तोंडी आलाय."

अशा रीतीने आत्याबाईंनी कुरकुरत उशी उसवली. अर्धा बोळा माझ्या नाकात गेला, अर्धा टपालाने सुसाटांच्या नव्याकोऱ्या यंत्राच्या नाकात. त्यानेही पहिल्यांदाच जगाची चव घेतली असेल. दुपटीची पाने दोघांनीही धापा टाकत तपासली. मागे मात्र कोणी पडले नाही.

मग तो दिवस आला. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी फर्मान काढले नाही. हजारो घरांत हजारो माणसांनी आपापल्या हातांनी नवा नियम घातला. मी श्वास रोखून पहिल्या मोठ्या पानाची वाट पाहत होतो. ते आले, मी तपासले, जोडले. इतरांनीही तेच पान जोडले होते. वही एकच राहिली. त्या पानावर कुठेतरी दादांनी पाठवलेले पैसेही होते, पूर्वीपेक्षा कमी खर्चात आलेले. त्या पानावर कोणाचीही सही नव्हती. मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ हिशेब पाहिले, पण इतका देखणा एकही पाहिला नाही.

तेव्हापासून मंडळींत एक प्रश्न रूढ झाला आहे. नवी सूचना आली, की कोणीतरी विचारतोच, "कापसासकट मोजलंय ना?"

आता मी खरोखरच थकलो आहे. माझ्या पडद्याच्या एका कोपऱ्याला अंधारी आली आहे. ताई मात्र दर रविवारी मऊ कुंचल्याने माझी जाळी साफ करतात. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्याही नाकाकडे अधूनमधून बघा; आम्हाला शिंकता येत नाही. आणि कधी सगळ्यांसाठी नियम करायची वेळ आली, तर पुसलेल्या यंत्रावरून करू नका. सभेत कोणी "पण" म्हणाला, तर त्याला हसा खुशाल, पण त्याच्या हाती काम द्या आणि त्याचे ऐकून घ्या. कोण जाणे, उद्या तो "पण" तुमच्याच तोंडी यायचा असेल.

माझ्या वाट्याचा तो बोळा ताईंनी काचेच्या बरणीत घालून माझ्या डोक्यावर ठेवला आहे. येणारे-जाणारे तो कौतुकाने पाहतात. आत्याबाईंना मात्र ते अजून पटलेले नाही. अर्धी उशी फुकट गेली, असे त्या येईल त्याला सांगतात.