तड्याच्या टोकावरची तारीख

विमा कंपनीचा सर्व्हेअर दहाला येणार होता. साडेनऊला दादानं मला दवाखान्याच्या मागच्या दारानं आत घेतलं आणि शिडीकडे बोट दाखवलं.

"चढ आणि पुसून ये. मी दाराकडे लक्ष ठेवतो."

दातांचा हा दवाखाना दादानंच बांधलेला. पेशंटच्या खुर्चीवरच्या बीमला तडा गेला होता. त्यानं काढलेला विमा आहे, भरपाई मिळेल, म्हणून दादा कालपर्यंत निर्धास्त होता. काल संध्याकाळी त्याला आठवलं.

वर गेल्यावर मला दिसलं. तड्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ, शेजारी दादाच्या अक्षरात तारीख. विमा सुरू होण्याच्या नऊ दिवस आधीची.

बाबा गवंडी होते. तडा दिसला की टोकाशी रेघ मारायची, तारीख घालायची, महिन्यानं येऊन बघायचं, ही त्यांची शिकवण. जेवणाआधी हात धुवावेत तसा दादा ती पाळतो. त्या दिवशी रेघ मारली आणि विसरला. विम्याच्या अर्जात 'माहीत असलेले दोष' या रकान्यात 'नाही' लिहून मोकळा झाला.

"प्लास्टरची चीर वाटली होती गं," तो खालून म्हणाला. "आता म्हणतील, ठाऊक असून लपवलं. दावा फेटाळतील, डॉक्टरबाई कोर्टात खेचतील."

"लोकांच्या भिंतींना कान असतात, तुझ्या बीमला हस्ताक्षर आहे."

"थट्टा नंतर कर. पॉलिश पेपर घे."

घेतला. पण प्रयोगशाळेत रोज काँक्रीटचे ठोकळे तपासते मी. मोजल्याशिवाय कशालाही हात लावायची सवय नाही. खिशातली पट्टी काढली. रेघेपासून तड्याच्या आजच्या टोकापर्यंत एकवीस सेंटिमीटर. सत्तेचाळीस दिवसांत. पुन्हा मोजलं. एकवीसच.

"दादा, या बीमवरची पाण्याची टाकी भरलीय?"

"सकाळीच. का?"

दाराबाहेर खुर्च्या सरकत होत्या. "बसा, पाचच मिनिटं," डॉक्टरबाई कुणाला तरी म्हणाल्या.

"तडा वाढतोय. हे सांगणारी एवढी एकच रेघ आहे. पुसली, तर जुना, थांबलेला तडा म्हणून सर्व्हेअर फोटो काढून जाईल. मग या खुर्चीत कुणीतरी आ करून आडवं होईल, बरोबर याच्याखाली."

दादानं खुर्चीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. पुन्हा खुर्चीकडे.

"बुडालो की गं मी."

मी पेपर खिशात कोंबला आणि पेन्सिलीसाठी हात खाली केला. त्यानं कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

नव्या टोकाशी रेघ मारली, आजची तारीख घातली.

"मी टाकीचं पाणी सोडतो, बीमवरचा भार कमी होईल," दादा म्हणाला. "बाईंना तू सांग. मला जमायचं नाही." आणि जिन्याकडे धावला.

मी दार उघडलं. बाहेर सहा जण बसले होते. डॉक्टरबाईंशेजारी, वहीत काही लिहीत, दहा मिनिटं आधीच आलेला सर्व्हेअर.

"खोली बंद ठेवा, बाई," मी म्हटलं. "आणि साहेब, तुम्ही आधी शिडी चढा. वर दोन तारखा आहेत."

छतावरून पाणी पडायला लागल्याचा आवाज आला.