पौर्णिमेपर्यंत जपलेली पत्रे

मी एक जुनी सागवानी फोटोफ्रेम आहे. माझ्या काचेआड भगवान बुद्धांचे चित्र आहे आणि माझ्या पाठीमागे, मित्रांनो, आता काहीही नाही. तरीही लंडनमधल्या हॅरोच्या या घरामागून ट्रेन गेली आणि भिंत थरथरली, की मला तिथे कागद सळसळल्याचा भास होतो.

माझा जन्म नागपूरचा. मोहन नावाच्या सुताराने मला घडवले. मागच्या बाजूला त्याने एक आडवी पट्टी ठोकली, त्यामुळे तिथे बोटभर खाच तयार झाली. त्या खाचेनेच मला मान मिळवून दिला. द्रौपदीबाईंच्या घरात महत्त्वाचा कागद माझ्या पाठीमागेच खोचायचा, असा रिवाज पडला. रेशनकार्ड, दाखले, मुलाच्या मार्कशीट, सगळे मी सांभाळले. एकही कागद हरवला नाही, याचा मला गर्व होता. मुलामागोमाग बाई इंग्लंडला आल्या, तेव्हा नऊवारीत गुंडाळून त्यांनी मला बरोबर आणले.

इथे वरच्या खोलीत सुखदेव भाड्याने राहायचा. त्याची सात वर्षांची लेक आर्या आपल्या आईबरोबर ग्लासगोला राहत होती. लेकीजवळ राहता यावे म्हणून त्याने या देशात राहण्याची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली, तेव्हा वकील न घेता त्याने स्वतःच अपील केले. आता न्यायाधीशांपुढे सुनावणी व्हायची होती. तारखेला वर्षभर लागेल, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. म्हणून तोही ग्लासगोला जाऊन राहिला. कोर्टाला मात्र त्याने नवा पत्ता कळवला नाही. तिथली खोली आज आहे, उद्या नाही. बाईंचे घर पक्के, असा त्याने विचार केला. जाताना तो बाईंना म्हणाला, "माई, माझं सरकारी पत्र येईल. तेवढं जपून ठेवा."

जपणे तर बाईंच्या रक्तातच होते. मार्चमध्ये राजमुद्रा असलेले पाकीट आले. दुसऱ्याचे पत्र फोडायचे नाही, हा त्यांचा नेम. सरकारी म्हणजे व्हिसाच असणार, असे धरून त्यांनी ते माझ्या पाठीमागे खोचले. मित्रांनो, द्रौपदीबाई मुहूर्त मानत नाहीत. कोणी पंचांग काढले की चारचौघांत त्याची खिल्ली उडवतात. पण त्या दिवशी त्यांना वाटले, एवढी मोठी बातमी बुद्धपौर्णिमेला, या चित्रासमोर, पोराच्या हातात द्यावी. फोनवर त्या नुसत्या हसून म्हणाल्या, तुझे काहीतरी आले आहे, आत्ता सांगणार नाही. सुखदेवला वाटले, नागपूरहून पापड आले असतील.

एप्रिल संपता संपता तसलेच आणखी एक पाकीट आले. बाईंनी तेही माझ्या हवाली केले. ट्रेन गेली की दोन्ही पाकिटे माझ्या पाठीवर खरवडत. मी लाकूड. माझ्याकडे ना तोंड, ना पाठीला डोळे. मी आपली ताठ मानेने पहारा देत राहिले.

पौर्णिमेला सुखदेव आला. वंदना झाली, बाईंनी खिरीची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि मोठ्या कौतुकाने दोन्ही पाकिटे काढून दिली. त्याने पहिले उघडले. मग दुसरे. खीर तशीच राहिली.

"माई, हिअरिंग आठ एप्रिललाच झालं," तो म्हणाला. "मी गेलोच नाही. जजनी माझ्याशिवाय केस ऐकली आणि अपील डिसमिस केलं."

"मग आता पुन्हा जा ना त्यांच्याकडं. सांग, पत्र मी ठेवलं होतं."

"त्याला या दुसऱ्या पत्राच्या तारखेपासून फोर्टीन डेज होते. सहा दिवस वर झालेत."

तो एका शब्दानेही रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते, असे बाई अजून म्हणतात. त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला, की चूक माझी आहे. सुखदेवने तो जोडून उशिरा अर्ज केला. अर्ज नामंजूर झाल्याचे उत्तर आले. सूचना त्याने दिलेल्या पत्त्यावर पोचली होती, पत्ता बदलल्याचे कळवणे त्याचेच काम होते. मुलीबद्दल सांगायलाही सुनावणीच्या दिवशी कोणी आले नव्हते. मग कामावरून त्याला थांबवले, क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीत हजेरीसाठी बोलावले आणि ऑगस्टमध्ये तो नागपूरच्या घरी परतला. आर्या ग्लासगोलाच आहे.

बाईंनी माझी पाठ रिकामी केली. आता त्या तिथे साधी पावतीही ठेवत नाहीत. जो कागद हरवतो, तो निदान कोणी शोधते तरी. माझ्याकडचा हरवला नव्हता, आणि हेच मला छळते.

परवा पुन्हा टपाल आले. पाकिटावर इंग्रजीत या घराचा पूर्ण पत्ता होता आणि वर कच्च्या मराठीत लिहिले होते, 'माझी बाबा'. आर्याला बाबांचा हाच पत्ता पाठ आहे. बाईंचा हात सवयीने माझ्या दिशेने वर आला. मधेच थांबला. गॅस बंद करून, घरातल्याच सपाता पायात, त्या ते पाकीट नागपूरला धाडायला पोस्टाकडे निघाल्या.

मित्रांनो, घर बदलले की पत्ता त्याच दिवशी कळवा. आणि दुसऱ्याचे पत्र माझ्यासारखे जपत बसू नका. ज्याचे त्याला देऊन टाका.