झोपेच्या राखणीचे तास

मित्रांनो, मी एकवीस मुले झोपवलेली बाबागाडी आहे. बोलण्याची मला सवय नाही. आमच्या धंद्यात गप्प राहणे हेच कौशल्य समजले जाते. परंतु ज्या बाईविषयी मला सांगायचे आहे, तिचेही कौशल्य गप्प राहण्याचेच होते. त्यापायी तिला काय सोसावे लागले हे पाहिल्यावर मी माझा नियम मोडायचे ठरवले.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका लहान कारखान्यात झाला. चार उंच चाके, लाकडी पेटी, मेणकापडाचा टप आणि पेटी अधांतरी तोलून धरणारे चामड्याचे चार पट्टे. पट्टे बसवणारा म्हातारा कारागीर प्रत्येक गाडीत काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला ठेवून गाडी हलवून पाही. माझ्यातली कॉफी सांडली नाही. आयुष्यात मला मिळालेले हे पहिले प्रशस्तिपत्र. ते लेखी नसल्यामुळे पुढे कोठेही ग्राह्य धरले गेले नाही.

तेथून मी खाडीकाठच्या एका गावातील नगरपालिकेच्या पाळणाघरात आले. आमच्याकडे मुले दुपारी घराबाहेर झोपतात. बर्फ पडो वा वारा सुटो, राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचे जेवण झाले की मुलांना लोकरीचे कपडे चढवायचे, गाडीत पट्टा बांधायचा, दुलई हनुवटीपर्यंत ओढायची आणि गाड्या ओळीने पडवीत उभ्या करायच्या. गाल गार असले तरी चालतात. मानेखालची त्वचा उबदार हवी. पहिली वीस मुले मी अशीच झोपवली. त्यांतील एकाने माझ्या पेटीवर दातांनी नक्षी काढली, ती अजून आहे. आईबाप म्हणत, "ह्या गाडीत आमचं पोर दोन तास हलत नाही." ते ऐकून मला अभिमान वाटे.

मग हलक्या, घडीच्या गाड्या आल्या आणि मला अवजारांच्या कोठीत ढकलण्यात आले. तीन वर्षे माझ्या पोटात मूल नव्हते. बालसंगोपनाविषयीचे चौदा शासकीय अहवाल होते. कचऱ्यात टाकायला ते फार महाग होते आणि वाचायला फार लांब. दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे मी ते वाचले. बालकाला 'केंद्रस्थानी' ठेवण्याचा आग्रह चौदाही अहवालांत होता. त्या केंद्राशेजारी जी बाई बसते तिचा उल्लेख मला एका तळटीपेत सापडला, 'इतर मनुष्यबळ' या नावाने.

एका शरद ऋतूत मुले वाढली, गाड्या कमी पडल्या आणि विबेकेने मला बाहेर काढले. तिने अहवाल उचलून पडवीतल्या फळीवर रचले, मला पुसले, पट्ट्यांना तेल लावले आणि दहा महिन्यांच्या आस्ताला माझ्यात ठेवले.

विबेके तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. सात वर्षे ती येथे रोज पाच तासांची मदतनीस होती, प्रशिक्षण नव्हते. दुपारची राखण रोज तिच्याकडेच असे, कारण त्या अडीच तासांत प्रशिक्षित मंडळी आत बसून मुलांच्या विकासावर बैठक घेत. त्यांचा तो वेळ शैक्षणिक कामात धरला जाई. मुले मात्र बाहेर असत, विबेकेजवळ.

त्या हिवाळ्यात नगरपालिकेची दोन पत्रे आली. पहिले असे, की येत्या ऑगस्टपासून अप्रशिक्षित मदतनिसांच्या जागा बंद होतील. दुसरे असे, की ज्यांनी मुलांबरोबर पाच हजार तास प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांना पूर्ण पगारावर दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला पाठवले जाईल. विबेके एकटीच्या कमाईवर राहत होती. बिनपगारी शिकणे तिला शक्य नव्हते आणि न शिकता नोकरी टिकणार नव्हती. तिने त्याच दिवशी अर्ज भरला.

उत्तर आले, ते तिने माझ्या दांड्यावर कोपर टेकून वाचले. तिचे चार हजारांहून थोडे कमी तास भरत होते. दुपारचे तास वजा केले होते. कारण : 'झोपलेल्या बालकांशी शैक्षणिक संवाद संभवत नाही.'

ती रडली नाही. तिने पत्राची घडी घातली, आस्ताच्या मानेखाली बोटे सरकवून पाहिली आणि मग नगरपालिकेच्या कचेरीला फोन लावला.

"अस्गर, तुम्हीच सही केलीय ना ह्यावर?" ती हळू आवाजात म्हणाली. "हळू बोलतेय, कारण इथं आठ जण झोपलेत. तुमच्या मते मी आत्ता काही करत नाहीये. तर या की एकदा, तुम्हीही येऊन काही करू नका. साडेअकराला."

अस्गर आला. तो वाईट माणूस नव्हता. चांगला ओव्हरकोट घातलेला, नियम पाळणारा माणूस होता. तो बाकावर बसला आणि तासाभरात त्याने विबेकेला चाळीस वेळा उठताना पाहिले. कोणाची दुलई सरकली, कोणाचे तोंड वाऱ्याकडे झाले, कोणाचा श्वास जरा घरघरला. एवढ्यात आस्ता चुळबुळली.

"हलवा बघू जरा," विबेके म्हणाली. "मी तिकडे त्या पोराचं नाक पुसते."

मित्रांनो, त्या गृहस्थाने मला अडकलेला खण उघडावा तसे हलवले. आस्ताने डोळे उघडले, अस्गरचा चेहरा पाहिला आणि किंकाळी फोडली. शेजारची गाडी जागी झाली, मग तिच्या शेजारची, आणि मिनिटभरात आठही.

"आता ह्यांच्याशी संवाद करा," विबेके म्हणाली. "आता तास धरतील तुमचा!"

सारे शांत व्हायला वीस मिनिटे गेली. अस्गरच्या ओव्हरकोटावर शेंबूड होता.

"मला पटलं हो," तो म्हणाला. "अगदी मनापासून पटलं. पण मला पटणं हा निकष नाही ना. लेखी आधार लागतो."

हे वाक्य मी पूर्वी चौदा निरनिराळ्या भाषाशैलींत वाचले होते. माणसाच्या तोंडून ऐकताना त्याची थंडी जास्त बोचली.

विबेकेने फळीकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ती राखणीच्या बाकावर अहवाल घेऊन बसू लागली. हातमोज्यांची टोके तिने कापली, म्हणजे पाने उलटता येतील. दर चार ओळींनी उठायचे, आठ माना तपासायच्या, परत यायचे. शिकलेली माणसे ज्यांचे मुखपृष्ठ पाहून थांबली होती, ते ग्रंथ ती उणे सहा अंशांत वाचत होती. आतली मेरेते, पाळणाघराची प्रमुख, खिडकी उघडून म्हणाली, "अगं, ते कुणी वाचायचं नसतं. ते फक्त ठेवायचं असतं."

"म्हणून तर वाचतेय," विबेके म्हणाली.

नवव्या अहवालात तिला हवे ते मिळाले. त्याच्या शेवटी नगरपालिकेचीच सुरक्षा नियमावली जोडलेली होती. बाराव्या दिवशी तिने एक पानी पत्र लिहिले. लिहिताना कागद माझ्या टपावर धरला होता, म्हणून ते मला अक्षरशः पाठ आहे :

'आपल्या नियमावलीनुसार बालके झोपलेली असताना त्यांच्यावर अखंड शैक्षणिक देखरेख असलीच पाहिजे. नसल्यास पाळणाघर चालवता येत नाही. गेली सात वर्षे त्या वेळेत येथे फक्त मी होते. माझे ते तास शैक्षणिक काम नाही, असे आपण कळवले आहे. तेव्हा दोहोंपैकी एक करावे. माझे तास धरावेत, किंवा देखरेखीअभावी हे पाळणाघर आजच बंद करावे. उत्तराची वाट पाहते.'

मेरेतेने ते वाचले आणि तिचा चेहरा उतरला. "विबेके, आणि खरंच बंद केलं तर? आपण सगळेच रस्त्यावर येऊ."

"नाही करणार."

"कशावरून?"

"अस्गरची नात पलीकडच्या पाळणाघरात झोपते. तिथंही दुपारी मदतनीसच राखते, म्हणजे आपलं बंद केलं तर तेही बंद करावं लागेल. मी त्याला विचारलं होतं."

"आणि करायला निघालेच तर?"

विबेकेने एका गाडीतली सरकलेली दुलई नीट केली. "तर ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत जाईन," ती म्हणाली. "पण सात वर्षं मी इथं नव्हते, असं लिहिलेला कागद घेऊन नाही जाणार."

जी कचेरी दोन महिने लावते तिने तीन दिवसांत उत्तर दिले. विबेकेचे सर्व तास मान्य. प्रशिक्षण पूर्ण पगारावर. मात्र 'हा निर्णय केवळ अपवाद म्हणून'. मेरेतेने केक आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अर्थात हातमोजे घालून, कारण मुले झोपली होती. विबेके हसली, केक खाल्ला आणि पत्र पुन्हा वाचले.

"अपवाद," ती म्हणाली. "म्हणजे बाकीच्यांचे तास अजून वजाच."

त्या गावात तिच्यासारख्या आणखी दहा जणी दुपार राखत होत्या. तिने पत्राच्या दहा प्रती काढल्या, नावाची जागा कोरी ठेवली आणि संध्याकाळी सायकलवरून एकेकीच्या घरी जाऊन दिल्या. एकीने म्हणे दारातच विचारले, "तुझं तर झालं ना? मग उगाच कशाला अंगावर ओढून घेतेस?" विबेके म्हणाली, "सही कर आधी. चहा नंतर पिऊ."

सोमवारी फोन वाजला.

"विबेके," अस्गरचा आवाज थकलेला होता, "अजून किती पत्रं यायचीत?"

"किती मिळाली?"

"नऊ."

"मग एकच राहिलं. ती बिचारी आत्ता कामावर आहे, मुलं झोपलीत. तिचं उद्या येईल."

 पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला, आणि अस्गर म्हणाला, "तिला सांगा, नुसता अर्ज पाठव. दुपारचे तास वजा करायचा तो नियम मी रद्द करायला टाकतोय."

ऑगस्टमध्ये अकरा जणी शिकायला गेल्या. मी येथेच आहे. आता मला हलवणारा हात नवा आहे, अजून थोडा घाईचा, पण शिकेल. माझा टप विरला आहे आणि एक पट्टा फार दिवस टिकणार नाही. मित्रांनो, मला नवा रंग द्या असे मी म्हणत नाही. फक्त झोपलेल्या मुलाशेजारी कोणी बाई स्वस्थ बसलेली दिसली, तर ती रिकामी बसली आहे असे समजू नका. जवळ जा, पाय न वाजवता, आणि तिला विचारा : तुला पुढे काय शिकायचे आहे?