हिच्यात आता ओढ राहिली नाही

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझी जात क्रूझरची. म्हणजे बूड जड, हँडल रुंद, बैठक ऐसपैस आणि स्वभाव संथ. मी शर्यतीत कधी धावले नाही आणि कुणाला कट मारून पुढेही गेले नाही. दोन माणसांना आरामात बसवून लांबवर न्यायचं, याच कामासाठी कारखान्यात माझी जुळणी झाली.

मला विकत घेतलं एका शिंप्याने. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुकान पुढे, घर मागे आणि मधल्या बोळात माझी जागा. मास्तर कापड बेततात, शिवतात; त्यांची बायको काजं-बटणं आणि इस्त्री करते. तिला मी बाई म्हणते. सुट्टीच्या दिवशी दोघं माझ्यावर बसून टेकडीवर राहणाऱ्या बाईंच्या थोरल्या बहिणीकडे जायची. बाई मागे बसून गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या आणि मास्तर इतके हसायचे, की हँडल हलायचं. त्या दोघांचं मला कधी ओझं वाटलं नाही. निघण्यापूर्वी मास्तर मऊ चिंधीने माझी टाकी पुसायचे, तेल बघायचे. मी लाडावले होते, खोटं कशाला बोलू?

पुढे दुकानाचा व्याप वाढला. टाकी पुसणं चालू राहिलं, कारण ती लोकांना दिसते. पोटातलं कोण बघतो? माझ्या क्लच प्लेटा झिजत गेल्या. मी आपल्या परीने सांगत होते, पण मास्तरांना वाटायचं, जुनी गाडी आहे, कुरकुरायचीच.

आणि एकदा टेकडीच्या मधल्या वळणावर मी अडले. इंजिन ओरडत होतं, चाक मात्र ढिम्म. बाईंना उतरून वरपर्यंत चालत यावं लागलं, तेव्हा कुठे एकट्या मास्तरांना घेऊन मी कशीबशी चढले. तेवढं त्यांनी मनावर घेतलंही नसतं. पण वर बहिणीच्या अंगणात, चारचौघांत मास्तर म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. मागचं ओझं वाढलंय."

सगळे हसले. बाईही हसल्या. मात्र त्या दिवसापासून त्या माझ्यावर बसल्या नाहीत. बहिणीकडे जायचं तर बसने जायच्या. मास्तर विचारायचे, "येतेस का?" त्या म्हणायच्या, "नको, उगाच तुमच्या गाडीला त्रास."

माझ्या मागच्या सीटवर धूळ साचली. मला फार वाईट वाटायचं. मास्तरांनाही वाटत असणार, कारण एकटे निघाले की ते टेकडीचा रस्ता टाळायचे. बाईंनी पुन्हा मागे बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा इंजिन उघडणं त्यांना सोपं वाटलं.

एका दुपारी बाईंचा धाकटा भाऊ आला होता. त्याच्यापाशी मास्तर मन मोकळं करत होते. "हिच्यात आता पहिल्यासारखी ओढ राहिली नाही. आतलं सगळं बदलून टाकावं म्हणतो."

मागच्या खोलीत इस्त्री थांबली. बाई बाहेर आल्या त्या इस्त्री हातात घेऊनच.

"कुणात ओढ राहिली नाही?"

"अगं, गाडीत. चढणीला ओढत नाही ती."

"असं होय. मला वाटलं, जुनं सगळंच बदलायला काढलंय."

भावाला मात्र चेव आला. "भावोजी, मोठ्या मापाचा पिस्टन टाकू. सायलेन्सर असा लावू, की गल्ली दणाणली पाहिजे. नुसती पळेल बघा."

माझं धाबं दणाणलं. मोठा पिस्टन बसवायचा म्हणजे सिलिंडर आतून कोरायचा, आणि एकदा कोरला की तो पुन्हा भरून येत नाही. शिवाय या वयात मी पळून जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी मला गॅरेजमध्ये नेलं. काय काय बदलताय ते बघते, म्हणून बाईही पायी आल्या. मिस्त्रींनी मला समोरच्या चढावर फिरवून आणलं आणि विचारलं, "तुम्हाला वेग पाहिजे की ओढ?"

"वेग," भाऊ म्हणाला.

"थांब रे तू," बाई म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "अहो, कपडा कुठे घालून जाणार हे गिऱ्हाइकाला आधी विचारता ना तुम्ही? मग गाडी कुठे न्यायची, हे मला का नाही विचारलंत?" आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "मी मागे बसल्यावर ही टेकडी चढेल का, तेवढं सांगा."

मास्तरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"न चढायला काय झालं?" मिस्त्री म्हणाले. "क्लच घसरतोय. इंजिन जोर लावतं, पण तो चाकापर्यंत पोचत नाही. मोठा पिस्टन टाकलात तर आणखी घसरेल. प्लेटा बदलू, कार्बोरेटर साफ करू. वर ओढ वाढवायचीच असेल, तर चेनचं पुढचं दातेरी चाक जरा लहान बसवू. पळायला थोडी कमी होईल."

"कमी पळाली तर चालेल," मास्तर घाईने म्हणाले.

"आणि वजनाचं काय?" बाईंनी विचारलं.

"वजनाचा काय संबंध?" मिस्त्री म्हणाले.

बाईंनी मास्तरांकडे नुसतं बघितलं. मास्तर माझ्या टाकीवरचा नसलेला डाग पुसत राहिले.

सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी चिंधी घेतली आणि सगळ्यात आधी मागची सीट पुसली. बाई बसल्या, पण नक्कल एकही नाही. त्याच मधल्या वळणावर, ऐन चढणीवर, मास्तरांनी मला मुद्दाम थांबवलं.

"त्या दिवशी ओझं वाढलं नव्हतं," ते पुढे बघतच म्हणाले. "क्लच घसरत होता, आणि माझी जीभसुद्धा. चुकलं माझं."

"क्लच बदललात," बाई म्हणाल्या. "जिभेचं काय?"

"तिचे सुटे भाग मिळत नाहीत. सांभाळूनच वापरीन."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला आता. ताई वाट बघत असेल."

उभ्या चढणीवरून मी दोघांना घेऊन निघाले, एकदाही न कण्हता. पुढच्या वळणावर बाईंनी एका चेंगट गिऱ्हाइकाची नक्कल सुरू केली आणि माझं हँडल हललं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. ते कुरकुरलं तर आधी कान द्या, मग पाना घ्या. आणि कधी चढणीवर अडलंच, तर मागे बसलेल्या माणसाला बोल लावू नका.