शेवटच्या माणसाची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही, कारण माझ्या पोटात बुचाची एक गोटी आहे. मला बाळगणारा चालला, वळला, नुसता खोकला, तरी ती हलते. ती हलली की मला वाटते, आता कोणीतरी मला फुंकणार. बहुतेक वेळा कोणी फुंकत नाही.

एका अरुंद कारखान्यात पितळेच्या पत्र्याचे तुकडे डाग देऊन जोडले आणि मी तयार झाले. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदाच फुंकले, कानावर हात ठेवला आणि "ही ओरडेल" एवढे म्हणून खोक्यात टाकले. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले एका प्लंबरने. आमच्या गावामागच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात धावण्याची शर्यत होते. ऊन तापायच्या आत ती संपावी म्हणून पहाटेच सुटते. वाट चुकू नये म्हणून प्रत्येक वळणावर आणि फाट्यावर लाल फिती बांधलेल्या असतात. प्लंबर या शर्यतीचा 'शेवटचा माणूस' होता. सगळ्यांत मागच्या धावणाऱ्याच्याही मागे राहायचे, आणि डोंगरावर कचरा राहू नये म्हणून फिती सोडवत यायचे, हे त्याचे काम. त्याच्यामागे वाटेवर एकही खूण उरत नसे.

माझे ते दिवस चांगले होते. एका वर्षी दाट धुक्यात भरकटलेले लोक माझ्या आवाजावर खाली उतरले. तेव्हा बक्षिसांच्या टेबलावर मला चषकांशेजारी ठेवले होते. मग आयोजकांनी प्लंबरला नारिंगी प्लॅस्टिकची शिट्टी दिली. तिच्या पोटात गोटी नव्हती, काहीच नव्हते, तरी ती माझ्याहून मोठ्याने ओरडे. मी त्याच्या पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात गेले. तिथे किल्ल्या होत्या, रबरी वायसर होते आणि नळाच्या आट्यांना गुंडाळायच्या पांढऱ्या टेपचे तुकडे होते. त्यातला एक तुकडा माझ्या तोंडात शिरला आणि गोटी अडकली. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

गेल्या उन्हाळ्यात प्लंबरची मेहुणी पहिल्यांदाच शर्यतीत उतरली. ती बेकरीत कामाला आहे. भट्टीवरची पाळी संपवून तिने सगळा हिवाळा सराव केला होता. नंबर तिला नको होता. गाडीत न बसता, स्वतःच्या पायांनी शेवटपर्यंत जायचे, एवढेच तिला हवे होते. पण खिंडीत एक फाटक होते. ते ठरलेल्या वेळेला बंद होई आणि मागे राहिलेल्यांना गाडीत बसवत.

चढावर ती सगळ्यांच्या मागे पडली.

"भावोजी, तुम्ही असे मागोमाग आलात की मला वाटतं, मी कुणाचं तरी कोंबडं चोरून पळतेय."

"पळतेस कुठे? चालतेयस."

"चढावर सगळेच चालतात. तुम्ही तुमचे नळ बघा."

थोड्या वेळाने ती थांबली. "मला जरा झुडपामागे जायचंय. तुम्ही वळणापलीकडे जा. आणि शिट्टी वाजवायची नाही!"

प्लंबर निमूटपणे पुढे गेला. तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडले. पुढे धावणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या पायात गोळा आला होता. प्लंबर धावत सुटला आणि धावता धावता त्याचा हात सवयीने फिती सोडवत गेला. फाट्यावरचीही त्याने सोडवली.

त्याने पोस्टमास्तरांचा पाय चोळला, पाणी पाजले. पोस्टमास्तर कण्हत म्हणाले, "थांबवलं मी तुम्हाला. मागे कोण आहे अजून?"

"माझ्या मागे कोणी नसतं," तो म्हणाला, आणि त्याने हातातल्या फितींकडे पाहिले.

मदतीला येणाऱ्यांना आवाज देता यावा म्हणून त्याने नारिंगी शिट्टी पोस्टमास्तरांजवळ ठेवली आणि तो उलटा धावला. फाट्याची दुसरी वाट बंद पडलेल्या दगडाच्या खाणीकडे जाते. तिला कठडा नाही. तो हाका मारू लागला, पण धावून धावून त्याचा आवाजच निघेना. मग त्याने पिशवी उपसली आणि मी हाती लागले.

त्याने फुंकले. फुस्स.

"अगं बाई, आता नको," तो मला म्हणाला. कितीतरी दिवसांत तो माझ्याशी बोलला नव्हता. किल्लीच्या टोकाने त्याने टेप ओढून काढली, बाटलीतले पाणी माझ्यात ओतले, मला झटकले. गोटी सुटली. मग मी अशी ओरडले की समोरच्या कड्यानेही ओ दिली. पण माणसाची ओ आली नाही. त्याने पुन्हा फुंकले. पुन्हा.

"पुरे! येतेय!"

ती खाणीच्या वाटेने वर आली. गुडघा सोलला होता, ओठ पांढरे पडले होते. "पुढे गवत होतं भावोजी, आणि मग नुसती हवा. हा आवाज आला म्हणून थांबले."

"चूक माझी आहे."

"ते ताईसमोर म्हणा. मला ऐकायला मजा येईल."

तो हसला नाही. फाटक आता बंद झाले असेल, हे त्याने तिला सांगितले. तिने त्याच्या हातातल्या फितींकडे पाहिले.

"शेवटच्या माणसाला सोडतात ना आत?"

"सोडावंच लागतं. फिती घेऊन त्यालाच यायचं असतं."

"मग द्या इकडे. शिट्टीपण."

तिने मला गळ्यात घातले आणि त्याला पुढे चालायला लावले. प्रत्येक फितीपाशी ती थांबे, मागे वळे, मला फुंके, कान देई आणि मगच गाठ सोडवी. प्लंबरला धीर निघेना. "अगं, आता मागे कोणी नाही!"

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली.

फाटकावरच्या माणसाने फिती पाहिल्या आणि फाटक उघडले. निकालात तिचे नाव आले नाही. पण गाडी एकट्या पोस्टमास्तरांना घेऊन परत गेली आणि ती शेवटपर्यंत आपल्या पायांनी आली.

आता मी बेकरीत असते. पीठ आत जाऊ नये म्हणून ती मला फडक्यात गुंडाळते. मला घुसमटल्यासारखे होते, पण दर सुटीला ती मला धुते आणि गच्चीत जाऊन एकदा फुंकते. शेजारी कुरकुरतात.

मित्रांनो, तुमच्याही घरातल्या एखाद्या कप्प्यात अशी एखादी वस्तू पडून असेल. ती लागेल तेव्हा तिला साफ करण्याएवढा वेळ मिळेलच असे नाही. तिला आजच बाहेर काढा. आणि कधी वाटेवरची खूण काढायचे काम तुमच्याकडे आले, तर गाठीला हात लावण्याआधी मागे वळून हाक मारा. थोडे थांबा. दमलेल्या माणसाची ओ यायला वेळ लागतो.